कपाशीत काळवंडलेला चेहरा

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची कपाशीतली पूजा झाली, वेचणी सुरू झाली, आणि माझ्या चुलतभावाने तीन वर्षांच्या लेकीला फुटलेल्या कपाशीत उभं करून मोबाइलवर फोटो काढला. कापूस मळकट करडा आला आणि पोरीचा चेहरा जवळजवळ काळा. बघणारी एक बाई म्हणाली, "पोट्टीच सावळी हाये, त्याले फोटू काय करन?" मला ते फार लागलं. चूक पोरीच्या रंगाची नव्हतीच, कॅमेऱ्याच्या हिशोबाची होती.

समोर कापूस आहे की कोळसा, हे कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला कळत नाही. प्रकाश किती येतोय एवढंच तो मोजतो आणि धरून चालतो, की कुठल्याही दृश्याची सरासरी काढली तर ती मध्यम करडी निघणार, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला साधारण 18 टक्के परत पाठवणारी. अंगण, झाड, माणसं, बैल असं मिसळलेलं दृश्य असलं की हा अंदाज जमतो. पण चौकटभर पांढराशुभ्र कापूस किंवा चुना मारलेली भिंत असली, की कॅमेऱ्याला वाटतं उजेड जास्त झाला. तो सगळंच चित्र अंधारं करतो. पांढऱ्याचं करडं होतं आणि सावळ्याचं काळं. नवे मोबाइल चेहरा ओळखून थोडं सावरून घेतात, तरी अशा पार्श्वभूमीपुढे फसतातच. अशा वेळी पडद्यावर लेकराच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते जरा वर सरकवा. चेहरा गोरा करणारं फिल्टर मात्र कृपा करून लावू नका. लेकराला उजेड हवा असतो, दुसरा रंग नाही.

आता आपल्या उन्हाबद्दल. नागपूर 21 अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे मेच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैत भरदुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो. तेव्हा कपाळाची सावली डोळ्यांत पडते, नाकाची ओठांवर. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही 45 अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून डोळ्यांपर्यंत उजेड पोचतो. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो, माजघरात जेमतेम शंभर-दोनशे.

या दोन्हींच्या मधे आपली छपरी, म्हणजे घरापुढची छपराखालची ओसरी आहे. मला विचाराल तर गावातला सगळ्यात चांगला स्टुडिओ तोच. आकाशात सूर्याचं बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचं दिसतं, आणि प्रकाशाचा उगम लहान असला की सावलीची कड धारदार येते. छपरीत ऊन थेट येत नाही. समोरच्या मोकळ्या आभाळाचा आणि सारवलेल्या अंगणावरून परतणारा उजेड येतो. हा उगम लांबरुंद असल्यामुळे सावल्या विरघळतात. लेकराला छपरीच्या कडेशी, तोंड अंगणाकडे करून बसवा आणि तुम्ही अंगणात उतरा. तान्ह्या पोळ्याला आभाळ भरलेलं असलं तर हेच काम ढग गावभर करतात, म्हणून लाकडी बैल घेऊन नटलेल्या पोरांचे फोटो त्या दिवशी सहज चांगले येतात.

उजेडाचा दुसरा फायदा पळणाऱ्या पोरांना. 1838 साली डागेर या फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. प्रकाश टिपायला काही मिनिटं लागली, तेवढ्यात चालती माणसं नि गाड्या पुसल्याच गेल्या. उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस आणि त्याचा पॉलिशवाला. आजही तत्त्व तेच. सेकंदाला 3 मीटर धावणारं पोर 1/30 सेकंदात 10 सेंटीमीटर पुढे जातं, 1/500 सेकंदात फक्त 6 मिलीमीटर. अंधाऱ्या खोलीत "काहून हालून राहिला रे?" म्हणून ओरडण्यापेक्षा त्याला उजेडात आणा, कॅमेरा आपोआप कमी वेळ उघडा राहील.

आणि खाली बसा. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठंच असतं, तान्ह्या बाळाचं तर लांबीच्या चौथा भाग. उभ्याने फोटो काढला की डोकं आणखी मोठं दिसतं, पाय बारीक. फार जवळही जाऊ नका. 30 सेंटीमीटरवरून नाक फुगतं, दीड मीटरवरून चेहरा चेहऱ्यासारखा येतो.

दिवाळीला सगळं घर जमलं, की कुणाचे तरी डोळे मिटतातच. पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी याचं गणित मांडलं, त्याला 2006 चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या नि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं बक्षीस मिळालं. वीसहून कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला 3 ने भागा, कमी उजेडात 2 ने, आणि तितके फोटो काढा. आम्ही चौदा जण. दुपारी छपरीत पाच फोटो पुरतात, रात्री दिव्यांत सात काढावे लागतात.

त्या पोरीला भावाने दुसऱ्या वेचणीला पुन्हा त्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर नेलं. या वेळी तो गुडघ्यावर बसला, बोट तिच्या चेहऱ्यावर टेकवलं. मागचा कापूस पांढराफटक होऊन त्यातली बोंडं दिसेनाशी झाली आहेत. आजीने तिच्या गालावर लावलेली काजळाची तीट मात्र स्पष्ट दिसते.