जुने गोवे पुरातत्त्व संग्रहालय

तिसवाडी तालुक्यात, पणजीपासून सुमारे १० किमीवर असलेले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय. स्थापना १९६४. से कॅथेड्रलच्या पश्चिमेला सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्च आहे. त्याला लागून असलेल्या फ्रान्सिस्कन मठात हे संग्रहालय थाटले आहे. फ्रान्सिस्कन धर्मगुरू १५१७ मध्ये गोव्यात आले. आजचे चर्च १६६१ मधले, पण त्याचे मॅन्युएलाइन या अलंकृत पोर्तुगीज शैलीचे काळ्या दगडातले कोरीव दार आधीच्या चर्चमधून राखून ठेवलेले आहे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सत्तेने धर्मसंघ बंद केले आणि मठ ओस पडला.

पर्यटकांची गर्दी होते ती गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर व विजरई (व्हाइसरॉय) यांच्या चित्रांपाशी. ही चित्रमालिका त्यावेळचा गव्हर्नर दों जुआंव द कास्त्रु याने १५४७ मध्ये सुरू करवली आणि पुढे प्रत्येक सत्ताधीशाची त्यात भर पडत गेली. पोशाखांच्या अभ्यासकाला ती मोलाची वाटेल. गोमंतकीय माणूस मात्र तिच्यात शोधूनही सापडत नाही.

तो सापडतो वीरगळांत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांत. शिळेचे एकावर एक कप्पे पाडलेले असतात आणि ते खालून वर वाचायचे: तळाला लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला वीर आणि माथ्यावर कलश. देशावरच्या वीरगळांवर गोधनासाठी किंवा गावाच्या रक्षणासाठी झालेली झुंज नेहमी दिसते. इथे मात्र कदंबकालीन शिळांवर चक्क नाविक युद्ध कोरले आहे: वल्हेकऱ्यांची रांग, नावेवर सज्ज उभे योद्धे. चंद्रपूर (आजचे चांदर) आणि पुढे जुवारीकाठचे गोपकपट्टण इथून राज्य करणाऱ्या कदंबांचे बळ आरमारात होते, त्यामुळे समुद्रावर पडलेल्या माणसाचीही शिळा उभी राहिली. शेजारी सतीशिळा आहेत. त्यांवर बांगड्या भरलेला, कोपरात वळवलेला हात आणि चंद्र-सूर्य. गावोगावच्या देवळांच्या आवारात अशा शिळा अजूनही शेंदूर-फुले घेत उभ्या असतात. संग्रहालयात पूजा थांबते, पण कोरीवकाम निवांतपणे, अगदी जवळून पाहता येते.

याखेरीज देवदेवतांच्या मूर्ती, मराठी व फारसी शिलालेख, गोवा जिंकणारा आफोंसु द आल्बुकेर्क आणि पोर्तुगीज कवी लुईश द कामोंइश यांचे ब्राँझचे पुतळे इथे आहेत. कामोंइशचा पुतळा पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस, १९६० मध्ये बाहेर चौकात बसवला होता. तो १९८३ मध्ये आत आणला गेला. संग्रहालय शुक्रवारी बंद असते.