पार्श्वभूमी : विजया मेहता आणि प्रायोगिक-व्यावसायिकमधली भिंत

मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची प्रथा किती पक्की होती, हे बालगंधर्वांचं नाव घेतलं तरी कळतं. हिराबाई बडोदेकरांची नाटक कंपनी आणि १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये उभ्या राहिलेल्या ज्योत्स्ना भोळे यांनी ती मोडायला सुरुवात केली. पण बाई रंगमंचावर आली तरी तालमीची सूत्रं पुरुषांकडेच राहिली. दिग्दर्शक-अभिनेत्री विजयाबाईंचं महत्त्व समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करायला हवी.

१९३४ साली बडोद्यात जन्मलेल्या विजया जयवंत (पुढे मेहता) यांनी मुंबईत इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्याकडे धडे घेतले. अल्काझींची काटेकोर शिस्त आणि मर्झबानांची लोकप्रिय पारशी रंगभूमी ही दोन टोकं. पुढे बाईंनी दोन्हीकडचं घेतलं, असं मला वाटतं.

१९६० मध्ये विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदींबरोबर 'रंगायन' ही प्रायोगिक नाट्यसंस्था सुरू झाली. सभासदांच्या वर्गणीवर थोडेच प्रयोग, पण प्रत्येक नाटकामागे भरपूर खटपट. आयनेस्कोचं 'खुर्च्या', खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव' इथलंच. 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली 'रंगायन'नेच केलं. पुढे संस्थेत फाटाफूट झाली आणि १९७१ मध्ये 'आविष्कार' ही नवी संस्था उभी राहिली.

बरेच जण प्रायोगिकमध्येच रमले असताना बाई थेट व्यावसायिक रंगभूमीवर गेल्या. नाकं मुरडणारेही होतेच. पण जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'त (१९७३) मुलं दूर गेलेल्या म्हाताऱ्या जोडप्यातली नानी त्यांनी केली, तेव्हा त्यांची स्वतःची चाळिशीही उलटली नव्हती. दिग्दर्शनही त्यांचंच. त्यानंतर 'बॅरिस्टर'. विक्रम गोखल्यांच्या विलायतेहून आलेल्या, हळूहळू मनाचा तोल जाणाऱ्या रावसाहेबांसमोर त्या अलवणातली विधवा मावशी होत. याच नाटकावर त्यांनी 'रावसाहेब' हा हिंदी चित्रपट केला आणि त्यातल्या मावशीसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकच बाई, दोन माध्यमांत. नाटकाचा आवाज पडद्यावर आणायचा मोह टाळणं सोपं नसतं.

मधल्या काळात जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सोबतीनं जर्मन नाटककार ब्रेख्तचं 'अजब न्याय वर्तुळाचा' झालं, मराठी लोकरंगभूमीच्या अंगानं. 'हमीदाबाईची कोठी', 'महासागर', 'पुरुष' ही यादी लांबवता येईल. नाना पाटेकर, नीना कुळकर्णी, रीमा लागू यांच्यासारखे नट त्यांच्या तालमींत घडले. संवाद पाठ होण्याआधी पात्राचं चालणं-बसणं सापडायला हवं, हा त्या तालमींचा आग्रह.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' त्यांनी १९८५ साली व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. रात्री खोलीत वाड्याचे वडिलोपार्जित दागिने अंगावर चढवून बसलेली थोरली सून, हा त्यातला प्रसंग. गोंगाट नाही, टाळ्यांची वाक्यं नाहीत. तरी तिकीट काढून आलेला प्रेक्षक ते बघत होता. प्रायोगिक आणि व्यावसायिक यांच्यामधली भिंत पडली ती अशा नाटकांनी, असं माझं मत आहे.

पुढे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राचं काम आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. 'वाडा'ची गोष्ट मात्र तिथेच थांबली नाही: १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त'सह ती सलग त्रिनाट्यधारेच्या रूपात केली.