चोखा, चोघा, चोगा

कॉकेशस डोंगरांतल्या जॉर्जिया देशाच्या लोकनृत्याचा एखादा व्हिडिओ पाहिला असेल, तर तो कोट विसरणं अवघड. कमरेला घट्ट, खाली घेरदार, पट्ट्याला खंजीर आणि छातीवर दोन्हीकडे ओळीने खोचलेल्या नळ्या. त्याचं नाव चोखा. मराठी कानाला आधी चोखामेळा आठवतो, पण तिथे नातं काही नाही. आपला ‘चोखा’ संस्कृत ‘चोक्ष’वरून आला, अर्थ शुद्ध. जॉर्जियातल्या चोख्याचं भावंड आपल्याकडे ‘चोगा’ या नावाने नांदतंय.

मुळात हे नाव कापडाचं. तुर्कीत ‘चुहा’ म्हणजे दाट विणीचं लोकरी कापड. आपले लोक त्याला बनात म्हणत. कापडाचं नाव पुढे कपड्याला चिकटलं, जीन्सचं झालं तसंच. तुर्कांच्या उस्मानी (ऑटोमन) दरबारात सुलतानाचा झगा सांभाळणारा तो ‘चुहादार’. ग्रीकांनी ‘त्सोखा’ केलं, आणि हिरवा त्सोखा म्हटलं की तिथे पत्त्यांचं टेबल, पर्यायाने जुगार. हंगेरीत मात्र ‘चुहा’ ही मठातल्या साधूची कफनी! एकाच कापडाने जुगारीही सांभाळले आणि जोगीही.

इराणात ‘चूखा’ हा मेंढपाळाचा जाडाभरडा अंगरखा. तिथल्या झाग्रोस डोंगरातले बख्तियारी जमातीचे लोक घालतात तो ‘चोघा’: हातमागावरचा, बिनबाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा, पांढऱ्या लोकरीवर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे काळे पट्टे. त्याच मुलखाच्या पायथ्याशी चोघा झंबील हे सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं पायऱ्यांचं देवस्थान आहे, एलाम या प्राचीन राज्यातलं. पायऱ्यांची नक्षी, पायऱ्यांचं मंदिर आणि नावही तेच. सांगड घालायचा मोह होणारच. पण तिथला ‘चोघा’ म्हणजे टेकाड, ‘झंबील’ म्हणजे टोपली. नावापुरता तरी कोटाशी संबंध नाही.

इराणच्या ईशान्येला खुरासानात तर कुस्तीच या कपड्याच्या नावाने ओळखली जाते: ‘बाचूखे’, म्हणजे चूखा घालून केलेली. आपला पैलवान लंगोट लावून आखाड्यात उतरतो, तिथला लोकरी बंडी चढवून, आणि पकड घ्यायची ती त्या बंडीचीच.

पुन्हा छातीवरच्या नळ्यांकडे येऊ, कारण मला या सगळ्यात त्याच जास्त आवडतात. ठासणीच्या बंदुकीच्या काळात एकेका नळीत एकदा बार उडवण्यापुरती मोजून घेतलेली बंदुकीची दारू असे. घोड्यावर बसून दारू मोजत कोण बसणार? रशियनमध्ये त्यांना ‘गझीर’ म्हणतात. हा शब्द तुर्की ‘हझिर’वरून आला, अर्थ ‘तयार’, आणि मूळ अरबी. शाळेत हजेरीला आपण ‘हजर’ म्हणतो, तो हाच शब्द. काडतुसं आल्यावर नळ्यांचं काम संपलं, पण चांदीने मढवून त्या शोभेला राहिल्या. हा कोट कुबान आणि तेरेक नद्यांकाठच्या कोसॅकांनी, म्हणजे रशियाच्या घोडेस्वार लढवय्यांनीही उचलला. रशियन त्याला ‘चेर्केस्का’, म्हणजे कॉकेशसमधल्या चेर्केस लोकांचा कोट म्हणतात. खुद्द चेर्केस लोकांचा शब्द मात्र निराळाच.

हिंदुस्थानात चोगा आला तो अफगाणिस्तानकडून. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886च्या कोशात तो अफगाणी पेहराव म्हणून नोंदला आहे: मऊ लोकरीचा, खांद्यांवर आणि बाह्यांवर भरतकाम केलेला. साहेब लोक तो घरात ड्रेसिंग गाउनसारखा वापरत, असंही तिथे आहे. चित्रळ-गिलगिटकडे लोकरीचा चोगा आजही अंगावर दिसतो. मराठीत मात्र शब्दातली लोकर पार झडली. उरला फक्त घोळदार, पायघोळ आकार: न्यायाधीशाचा चोगा, पाद्र्याचा चोगा, पदवीदानाला अनामत भरून तासाभरासाठी मिळणारा, आतून घामाने चिकटणारा टेरिकॉटचा चोगा.