डायटमची माती: डायनामाइटपासून ढेकणांपर्यंत

तूर, मूग कणगीत भरण्याआधी त्यांना गोवऱ्यांची चाळलेली राख चोळण्याची रीत विदर्भातील खेड्यांना नवी नाही. विषाऐवजी कोरड्या भुकटीने कीड रोखायची, हे या रीतीमागचे तत्त्व. कुत्रे-मांजर असलेल्या घरात ढेकूण-झुरळांसाठी सुचवली जाणारी डायटोमेशियस अर्थ, म्हणजे डायटमची माती, ही भुकटी त्याच कुळातली आहे.

डायटम म्हणजे सिलिकाचे कवच असलेले एकपेशीय शैवाल. अशा कवचांचे पाण्याच्या तळाशी साचलेले थर 1836च्या सुमारास जर्मनीतील ल्यूनेबर्गच्या माळावर विहीर खोदताना सापडले. ही सच्छिद्र माती द्रव भराभर शोषते, हे हेरून आल्फ्रेड नोबेल यांनी तिच्यात नायट्रोग्लिसरीन हा स्फोटक द्रव मुरवला आणि 1867 मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले. कीड मरते तीही मुख्यतः याच गुणामुळे: किड्याच्या अंगावरचा मेणचट थर भुकटी शोषून घेते, तिच्या धारदार कडा तो खरवडतात आणि अंगातले पाणी उडून किडा सुकतो. अमेरिकेत कीटकनाशक म्हणून तिची नोंदणी 1960 मध्ये झाली, पण तो जमाना डीडीटीचा होता. आपल्याकडे गॅमेक्सिन पावडरचा दबदबा होता. तिच्यातील बीएचसी या कीटकनाशकावर 1997 मध्ये बंदी आली. पुढे रूढ झालेल्या पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या गटातील परमेथ्रिन मांजराच्या शरीराला निकामी करता येत नाही, त्यामुळे ते मांजराच्या जिवावर बेतू शकते. प्राणी पाळणारे या जुन्या मातीकडे वळले, ते अशा कारणांनी.

खरा घोळ नावात आहे, कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या भुकट्या येतात. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरसाठी हीच माती उच्च तापमानाला भाजतात आणि त्यात सिलिकाचा बराचसा भाग स्फटिकरूप होतो. श्वासावाटे जाणारी स्फटिकरूप सिलिका कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्ये जाहीर केले. फिल्टरची भुकटी स्वस्त मिळाली तरी घरात आणू नये. कीटकनाशक म्हणून विकली जाणारी, न भाजलेलीच घ्यावी. खाद्य दर्जाची म्हणून विकली जाणारी भुकटीसुद्धा नाकात गेली की खोकला आणते, डोळ्यांत गेली की चुरचुरते. जमिनीलगत हुंगत फिरणाऱ्या मांजराला हा त्रास आपल्याआधी होणार.

नागपूरच्या हवेचाही हिशेब धरावा लागतो. भुकटी ओलसर झाली की निकामी होते, म्हणून पावसाळ्यात तिचा उपयोग बेताचाच. कोरडा उन्हाळा सोयीचा वाटेल, पण डेझर्ट कूलर एकाच वेळी खोली दमट करतो आणि धूळ उडवतो. थंडी सरल्यावर, कूलर खिडकीला बसवण्याआधीचे दिवस त्यातल्या त्यात बरे. प्राण्यांना दुसऱ्या खोलीत ठेवून, तोंडाला मास्क लावून, पलंगाच्या सांध्यांत आणि कपाटामागच्या फटींत दिसेल-न दिसेल इतकाच पातळ थर द्यावा. ढीग दिसला तर किडे त्याला वळसा घालतात. प्राण्याच्या अंगावर ती चोळू नये, कारण कातडी कोरडी पडते आणि चाटण्या-झटकण्यातून ती नाकातोंडात जाते. गोचिडांसाठी पशुवैद्याचेच औषध घ्यावे. धूळ पूर्ण बसल्यावरच दार उघडावे आणि बाहेर सांडलेली भुकटी झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.