पोलंडची दुर्मीळ टपाल तिकिटे

पोलंडच्या भूमीवर किंवा पोलिश शासनाच्या नावाने १८६० पासून निघालेल्या तिकिटांपैकी ज्यांच्या प्रती फार थोड्या उरल्या आहेत आणि ज्यांना संग्राहक मोठी किंमत मोजतात, अशा तिकिटांचा या नोंदीत विचार केला आहे. अनेक देशांत दुर्मीळ तिकीट म्हणजे छपाईतल्या चुकीचे अपत्य असते : रंग चुकतो किंवा मधले चित्र उलटे पडते, आणि चूक लक्षात येईपर्यंत थोड्या प्रती बाहेर गेलेल्या असतात. पोलंडमध्येही अशा चुका आहेत, परंतु तेथील दुर्मिळतेचे खरे कारण वेगळे आहे. या देशात राज्यसत्ता वारंवार तुटली. प्रत्येक वेळी नव्या सत्तेच्या हाती आधीच्या सत्तेची उरलेली तिकिटे आली, त्यांवर नवे नाव छापून ती चालवावी लागली, आणि कोणत्या किमतीची किती तिकिटे त्या दिवशी टपाल कचेऱ्यांच्या कपाटांत शिल्लक होती यावरून पुढे कोणते तिकीट दुर्मीळ ठरणार हे निश्चित झाले. म्हणूनच या तिकिटांचा संग्रह करणाऱ्याला पोलंडचा इतिहास बाजूला ठेवता येत नाही.

पोलंडची टपालव्यवस्था जुनी आहे. राजा दुसरा झिग्मुंट ऑगस्ट याने १५५८ साली क्राकूव ते व्हेनिस अशी नियमित टपालवाहतूक सुरू केली. तिकिटांचे युग येईपर्यंत मात्र पोलंड स्वतंत्र उरला नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपसांत वाटून घेतला होता. रशियाच्या अंकित असलेल्या ‘पोलंडच्या राज्यात’ प्रथम रशियन तिकिटेच चालत. १ जानेवारी १८६० रोजी तेथे स्वतंत्र तिकीट निघाले आणि संग्राहकांच्या परिभाषेत ते आजही ‘पोलंड क्रमांक १’ म्हणून ओळखले जाते. निळ्या आणि गुलाबी रंगांतले हे १० कोपेकांचे तिकीट समकालीन रशियन तिकिटाच्या धर्तीवर आहे. मध्यभागी दोन डोक्यांचा रशियन गरुड असून त्याच्या छातीवरील ढालीत पोलंडचा पांढरा गरुड आहे. खालचा मजकूर मात्र पोलिश भाषेत आणि रोमन लिपीत आहे : एका ‘वूत’ला दहा कोपेक. वूत हे सुमारे १३ ग्रॅमचे, म्हणजे आपल्या तोळ्याहून थोडे जड वजन होते. तेवढ्या पत्राला हे हशील पडे.

या तिकिटाचे खोदकाम हेन्रिक माय्येर याने केले. छपाई वॉर्सात झाली आणि तीसाठी इझ्राएल श्टाफेल या घड्याळजीने बनवलेले दुरंगी छपाईयंत्र वापरले गेले. हाच श्टाफेल गणितयंत्रांचा निर्माता म्हणूनही ओळखला जातो. एकूण सुमारे ३० लाख प्रती छापल्या गेल्या. १८६३ च्या जानेवारीत रशियाविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला गेला आणि राज्याची उरलीसुरली स्वायत्तता क्रमाक्रमाने काढून घेतली गेली. १ एप्रिल १८६५ पासून हे तिकीट बंद होऊन पुन्हा रशियन तिकिटे आली आणि शिल्लक राहिलेल्या दोन लाखांहून अधिक प्रती नष्ट करण्यात आल्या.

तीस लाखांची छपाई पाहता हे तिकीट दुर्मीळ कसे, असा प्रश्न नवख्या संग्राहकाला पडतो, आणि तो रास्त आहे. वापरलेली सुटी प्रत खरोखर अप्राप्य नाही. सामान्य उत्पन्नाच्या माणसालाही ती केव्हातरी घेता येते. अवघड आहे ते त्यापुढचे. मूळ डिंकासह न वापरलेली प्रत, जोडी, पट्टी, चौकडा, आणि सर्वांत वरचढ म्हणजे तिकीट चिकटवलेले मूळ पत्र, या चढत्या क्रमाने दुर्मिळता वाढत जाते. बहुतेक पत्रे एका वूताच्या आत बसत, त्यामुळे एकत्र जोडलेली तिकिटे पत्रावर लागण्याचे प्रसंगच कमी होते. शिवाय प्रत्येक टपाल कचेरीला क्रमांक दिलेला होता. समकेंद्री वर्तुळांच्या मधोमध तो अंक असलेल्या शिक्क्याने तिकीट रद्द केले जाई. १ हा अंक वॉर्साचा, म्हणून तो सर्वत्र आढळतो. एखाद्या लहान गावाच्या कचेरीचा अंक मात्र आयुष्यभर शोधूनही मिळत नाही. दिसायला अगदी सारख्या असलेल्या दोन तिकिटांच्या किमतींत शिक्क्यातल्या अंकामुळे अनेक पटींचा फरक पडतो. रंगछटा आणि कागदाची जाडी यांवरून छपाईचे निरनिराळे टप्पे ओळखण्याचे काम करणारे अभ्यासकही आहेत. एकाच तिकिटावर आयुष्य वेचण्यासारखे त्यात पुष्कळ आहे.

पुढची पन्नास वर्षे पोलंडचे स्वतःचे तिकीट नव्हते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने वॉर्सा घेतल्यावर मुख्य टपाल जर्मनांच्या ताब्यात गेले, पण पत्र घरोघर पोहोचवण्याचे काम शहरातील नागरिक समितीकडे राहिले. या समितीने १९१५ पासून आपली तिकिटे काढली. सोस्नोव्हिएत्स, झाव्हिएर्चे, प्शेद्बुश यांसारख्या गावांतही अशीच स्थानिक टपाले चालली आणि त्यांची तिकिटे थोड्या संख्येने निघाली. झाव्हिएर्चेची तिकिटे यांत विशेष मानली जातात. मात्र त्यांच्या नकलाही तितक्याच जुन्या आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी पोलंड स्वतंत्र झाला, तेव्हा नव्या राज्याजवळ तिकिटे नव्हती. वॉर्साच्या नागरिक समितीने छापून घेतलेली, पण वापरात न आलेली तिकिटे पडून होती. राजा तिसरा झिग्मुंट याचा स्तंभ, शहराच्या चिन्हावरील जलपरी, पांढरा गरुड आणि राजा सोबिएस्कीचा पुतळा अशी त्यांवरची चित्रे होती. त्यांवर ‘पोचता पोल्स्का’, म्हणजे पोलिश टपाल, हे शब्द आणि नवी किंमत छापून १७ नोव्हेंबरला ती विक्रीस आली. स्वातंत्र्यानंतर एका आठवड्याच्या आत निघालेली ही तिकिटे फारशी महाग नाहीत, पण त्यांचे महत्त्व मोठे आहे. डिसेंबरात जर्मन अमलातल्या तिकिटांवर आणि लुब्लिनमध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करी टपालाच्या तिकिटांवर असेच अधिमुद्रण, म्हणजे तयार तिकिटावर नंतर केलेली छपाई, झाले. उलटे पडलेले अधिमुद्रण, दोनदा पडलेले अधिमुद्रण, अक्षर गळालेले अधिमुद्रण असे प्रकार या सर्व मालिकांत आढळतात आणि त्यांची किंमत मूळ तिकिटाच्या कितीतरी पट असते.

या सर्वांत मानाचे स्थान जानेवारी १९१९ च्या क्राकूव मालिकेचे आहे. दक्षिणेकडील टपाल कचेऱ्यांत उरलेली ऑस्ट्रियन तिकिटे गोळा करून त्यांवर क्राकूवमध्ये ‘पोचता पोल्स्का’ हे शब्द छापले गेले. काही किमतींसाठी खिळ्यांची छपाई, तर काहींसाठी शिळाछपाई वापरली गेली. रोजच्या पत्रांना लागणारी लहान किमतींची तिकिटे मुबलक उरली होती, मोठ्या किमतींची मोजकीच. म्हणून १० क्रोनांचे तिकीट आणि नॉटपेड पत्रांसाठीची काही तिकिटे फारच थोड्या संख्येने निघाली. १० क्रोनांचे अस्सल तिकीट हे स्वतंत्र पोलंडच्या तिकिटांतील सर्वांत मौल्यवान तिकिटांपैकी एक आहे. अधिमुद्रण नसलेले तेच ऑस्ट्रियन तिकीट जुन्या अल्बमांत अल्प किमतीला मिळते. खोटेपणाला इतके आमिष दुसऱ्या कोणत्याही पोलिश तिकिटात नाही, आणि नकला करणारे १९१९ पासूनच कामाला लागले होते.

दोन महायुद्धांमधल्या काळात तिकिटे नियमितपणे छापली जाऊ लागली. वॉर्सात मे १९२८ मध्ये भरलेल्या तिकीट प्रदर्शनाच्या निमित्ताने निघालेले मार्शल पिल्सुड्स्की आणि राष्ट्राध्यक्ष मोश्चित्स्की यांच्या चित्रांचे लघुपत्र, म्हणजे मोजकी तिकिटे छापलेला लहान कागद, संग्राहकांचे ‘मिनिएचर शीट’, हे पोलंडमधील अशा प्रकारचे पहिले. पोलंडबाहेरच्या पोलिश टपालाची तिकिटे हा या काळातला सर्वांत रंजक विभाग आहे. कॉन्स्टँटिनोपल येथील वकिलातीच्या टपालासाठी १९१९ मध्ये ‘लेव्हांत’ असे अधिमुद्रण झाले. ग्दान्स्क हे स्वतंत्र शहर असले तरी तेथील बंदरात पोलंडला स्वतःचे टपाल चालवण्याचा हक्क होता. त्यासाठी १९२५ पासून ‘पोर्त ग्दान्स्क’ असे छापलेली तिकिटे वापरात आली. १ सप्टेंबर १९३९ रोजी याच शहरातील पोलिश टपाल कचेरीच्या कर्मचाऱ्यांनी हातात बंदुका घेऊन जर्मन हल्ल्याला दिवसभर तोंड दिले. तेथील शिक्क्याचे शेवटच्या दिवसांतले पाकीट हाती आले, तर त्याला केवळ तिकीट म्हणून पाहणे शक्य होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात पोलिश टपाल अनेक ठिकाणी विखुरले. लंडनमधील परागंदा शासनाने १५ डिसेंबर १९४१ पासून तिकिटे काढली. ती पोलिश जहाजांवर आणि लष्करी तळांवर चालत. ही तिकिटे सहज मिळतात, पण जहाजावरून खरोखर गेलेले पाकीट विरळा. इटलीतील मोंते कासिनोच्या लढाईनंतर १९४४ मध्ये त्यांपैकी काहींवर लढाईचे नाव आणि तारीख छापली गेली. जर्मनीतील युद्धकैद्यांच्या छावण्यांतही पोलिश अधिकाऱ्यांनी अंतर्गत टपाल चालवले. वोल्डेनबेर्ग येथील छावणीत कैद्यांनी स्वतः लाकडावर कोरलेल्या ठशांनी तिकिटे छापली आणि विक्रीचे पैसे सैनिकांच्या विधवा व अनाथ मुलांच्या निधीला दिले. १९४४ च्या वॉर्सा उठावात बालवीर पथकांतील मुलांनी गोळीबारातून पत्रे पोहोचवली. हे टपाल मोफत होते आणि पत्र २५ शब्दांपेक्षा मोठे नसावे असा नियम होता. त्यांतली उरलेली पत्रे आज बहुतांशी संग्रहालयांत आहेत आणि ती तेथेच असणे योग्य वाटते.

या काळाचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. सोव्हिएत रशियातून बाहेर पडलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. त्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले होती आणि अनेकांचे वडील, भाऊ पोलिश सैन्यात लढत होते. तेथून जाणाऱ्या पत्रांवर भारतीय तिकिटे असत, म्हणून ती पोलंडच्या तिकिटांच्या सूचीत बसत नाहीत. टपालाच्या इतिहासाचे अभ्यासक मात्र निर्वासित छावण्यांच्या पत्रव्यवहारात त्यांना स्थान देतात. कोल्हापूर परिसरातल्या जुन्या कागदपत्रांत असे पाकीट निघाले, तर तिकीट कापून काढण्याचा मोह टाळावा. त्याची खरी किंमत पत्ता, शिक्के आणि सेन्सॉरची खूण यांच्यासह अखंड असण्यात आहे.

युद्धानंतरच्या काळातील लघुपत्रांना चांगली मागणी असते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि पोलिश सेनानी पुवास्की व कोश्चुश्को यांचे १९४८ चे लघुपत्र त्यांत अग्रगण्य आहे. मात्र या काळातली खरी गुंतागुंत ‘ग्रॉशी’ अधिमुद्रणांत आहे. ऑक्टोबर १९५० मध्ये चलनबदल झाला आणि तिकिटांसाठी जुना एक झ्वॉटी नव्या एका ग्रॉशबरोबर, म्हणजे नव्या झ्वॉटीच्या शंभराव्या भागाबरोबर, धरला गेला. हाती असलेली तिकिटे फुकट जाऊ नयेत म्हणून ठिकठिकाणच्या कचेऱ्यांनी रबरी किंवा धातूच्या ठशांनी त्यांवर ‘ग्रॉशी’ हा शब्द उठवला. प्रत्येक ठिकाणचा ठसा निराळा असल्याने सूचीत ३७ मुख्य प्रकार नोंदले आहेत. तिकीट, ठशाचा प्रकार आणि शाईचा रंग यांच्या जुळण्या इतक्या आहेत, की त्यांतल्या काही अतिशय दुर्मीळ ठराव्यात हे ओघानेच आले. ठसा साधा असल्याने बनवाबनवीही सोपी, आणि म्हणून योग्य त्या गावाचा, योग्य त्या तारखेचा शिक्का असलेले पाकीट हाच येथे सर्वांत भरवशाचा पुरावा मानतात.

वरील बहुतेक तिकिटांत मूळ तिकीट अस्सलच असते. खोटे असते ते वरचे छापील नाव. त्यामुळे कागद किंवा कडेची छिद्रे तपासून प्रश्न सुटत नाही. अक्षरांची उंची, शाईची चमक, मागच्या बाजूला उमटलेला दाब आणि मूळ ठशातले बारीक दोष यांची अस्सल प्रतीशी तुलना करावी लागते. शिक्का पडलेल्या तिकिटावर अधिमुद्रणाची शाई शिक्क्याच्या खाली आहे की वर, हे भिंगाखाली पाहणे ही पहिली पायरी आहे. वर असेल, तर अधिमुद्रण नंतर केलेले आहे. पोलंडमध्ये फिशर यांची सूची, तर देशाबाहेर जर्मन मिखेल सूची प्रमाण मानली जाते. १९५० साली स्थापन झालेल्या पोलिश तिकीट संग्राहक संघाशी संबंधित तज्ज्ञ तिकिटाच्या पाठीवर लहान नाममुद्रा उमटवतात किंवा छायाचित्रासह प्रमाणपत्र देतात. या नाममुद्राही बनावट निघालेल्या आहेत, म्हणून क्राकूवच्या मोठ्या किमतींची तिकिटे अलीकडच्या प्रमाणपत्राशिवाय कोणी जाणता संग्राहक घेत नाही.