दुखणं बरं होणार नसेल तेव्हा : विदर्भातल्या उपशामक सेवेची पार्श्वभूमी

गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाची रोवणी लागली की सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या घरांत धाकधूक सुरू होते. वरून पाऊस, खाली चिखलपाणी, दिवसभर वाकलेली कंबर. गडचिरोलीत हाच प्रकार मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात होतो, फक्त तिथे पावसाऐवजी ऊन आणि तहान असते. गारठा, अतिश्रम, अंगातलं पाणी कमी होणं, ताप यांपैकी काहीही निमित्त झालं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. जखम दिसत नाही, सूज असेलच असं नाही. बांधावरून कुणीतरी म्हणतंच, "काल तर चांगली होती, आज काहून बसली?" मग ती आजारी बाई उठते, पुन्हा वाफ्यात उतरते, आणि रात्री क्रायसिस, म्हणजे असह्य वेदनेचा झटका, येतो.

या आजारात पाणी पिणं, ऊब घेणं, थकण्याआधी थांबणं हाही उपचारच आहे. आजार बरा होणार नसला तरी वेदना आणि त्रास कमी करणं, यालाच उपशामक सेवा म्हणतात. स्वतःशी मायेनं वागणं ही इथे चैन नाही, हे मला ठामपणे म्हणायचं आहे. तरी ते विदर्भातल्या खेड्यात इतकं अवघड का झालं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

सिकलसेलचं पहिलं वर्णन १९१० साली अमेरिकेत झालं. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला, आणि १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या लोकांमधली नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. गोंड, माडिया, तसंच पूर्वाश्रमीच्या महार समाजात त्याचं प्रमाण जास्त आहे. नोंद झाली, पण गावापर्यंत तपासणी पोचायला कित्येक वर्षं गेली. तोवर हे दुखणं 'वात' म्हणून, नाहीतर कामाचा आळस म्हणून खपलं. दुसरा शिक्का जास्त वाईट, कारण तो आजारी माणूस स्वतःच स्वतःवर मारून घेतो.

बऱ्या न होणाऱ्या माणसाला जवळ करण्याची परंपरा मात्र याच मातीत जुनी आहे. कुष्ठरोगावर खात्रीचं औषध नव्हतं त्या काळात, १९३६ साली, मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांचं मालिश केलं. परचुरे कुटी तिथे आजही आहे. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन झालं, १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती काढली, त्यातून आनंदवन उभं राहिलं. तिथे भिकेऐवजी कामातून मान मिळाला, आणि त्याचं मोल फार मोठं आहे. पण कामावरून माणसाची किंमत ठरवण्याची रीत शेतमजुराच्या घरात आधीपासूनच होती. ज्याचं शरीर कामानेच मोडतं, त्याला मान कशातून मिळायचा, हा प्रश्न बाकी राहिला.

आधुनिक उपशामक सेवा आली ती कॅन्सरच्या वाटेने. सिसिली साँडर्स या डॉक्टर बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटच्या सेवेचं घर, सुरू केलं. वेदना शरीराची असते तशी मनाची, घरच्या चिंतेची, श्रद्धेचीही असते, आणि चारींची दखल एकत्र घ्यावी लागते, ही त्यांची शिकवण. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघालं. विदर्भातला पेशंट मुंबईला जायचा तो टाटा कॅन्सर रुग्णालयात. कित्येकांनी तिथले दिवस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढले आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजही १९६८ साली कॅन्सरनेच गेले. नागपूरचं कॅन्सर रुग्णालय त्यांच्याच नावाचं आहे.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) चघळणाऱ्या या मुलखात तोंडाचा कॅन्सर अनेकदा उशिरा कळतो. मग डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, "आता घरी न्या, सेवा करा." सेवा कशी करायची ते सांगायला मात्र सहसा कुणाला वेळ नसतो. जखमेला घाण वास येतो म्हणून नातवंडांना खोलीत जाऊ देत नाहीत. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून, ती पूड स्वच्छ केलेल्या जखमेवर टाकली की तो वास बराच कमी होतो. उठता न येणाऱ्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं तर पाठीला जखमा होणं बरंच टळतं. मॉर्फिन हे अफूपासून बनणारं, तीव्र वेदनेवरचं औषध. त्याची साधी गोळी चार-चार तासांनी द्यायची असते, दुखायला लागेपर्यंत थांबायचं नसतं, आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतंच. नर्सने पंधरा मिनिटं दाखवलं तर घरची सून किंवा मुलगा यातलं बरंचसं शिकू शकतो.

ती मॉर्फिनची गोळी गावात का मिळत नाही, याचं उत्तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. नशेचा व्यापार रोखायला केलेल्या या कायद्याने परवान्यांची अशी साखळी लावली, की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरला, सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि आपल्याकडचा माणूस मात्र वेदनेने रात्र जागून काढतो. याची चीड यायलाच हवी. २०१४ साली कायदा सुधारला आणि मान्यताप्राप्त संस्थांसाठी परवान्याची वाट सोपी झाली. पण एक अख्खी पिढी डॉक्टर मॉर्फिनला हात न लावता शिकली होती. त्यांची भीती अशी कायद्याबरोबर बदलत नाही.

केरळने या अडचणीतूनच वाट काढली. १९९३ साली कालिकतला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमन क्लिनिक सुरू केलं, पुढे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी घरोघरी जाण्याची पद्धत बसवली. हे विदर्भाला परकं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बाळं वाचवली. जी बाई न्यूमोनिया ओळखायला शिकू शकते, ती वेदना मोजायलाही शिकेल.

स्वतःवरच्या मायेचा शास्त्रीय अभ्यास अलीकडचा. क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली त्याची मांडणी केली: स्वतःला न झोडपणं, दुःख आपल्या एकट्यालाच आहे असं न मानणं, आणि त्यात वाहून न जाता त्याकडे नीट पाहणं. त्यांनी हे बौद्ध विचारातून घेतलं. मैत्री भावनेची, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या साधनेची, सुरुवात स्वतःपासून करावी, असं पाचव्या शतकात बुद्धघोषांनी लिहून ठेवलंय. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर विदर्भाच्या कितीतरी गावांत विहार झाले, आणि सिकलसेलची घरंही त्याच वस्त्यांत आहेत. सगळ्या जिवांचं मंगल तिथे रोज मागितलं जातं. दुखणाऱ्या बाईने त्यात आधी स्वतःला धरावं, हे तिला विहारातल्याच कुणी सांगितलं तर दवाखान्यातल्या समुपदेशनापेक्षा ते लवकर पटेल, असं मला वाटतं.

महाराष्ट्राचं उपशामक सेवेचं धोरण २०१२ चं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वात धरलं. २०१८ पासून आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांत द्यायच्या सेवांमध्ये उपशामक सेवाही आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचं लक्ष्य २०४७ पर्यंत या आजाराचं निर्मूलन हे आहे, आणि सात कोटी लोकांची तपासणी त्यात धरली आहे. तपासणीचा मुख्य फायदा पुढच्या पिढीला. आज ज्यांच्या कार्डावर एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असल्याची खूण, लिहिलंय, त्यांना क्रायसिस कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध न खंडता मिळणं, क्रायसिसमध्ये नागपूरला रेफर होण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात वेदना थांबणं, आणि रोवणीच्या दिवसांत आशाताईने घरी येऊन सासूच्या देखत "हिला दोन दिवस पाण्यात उतरवू नका" असं सांगणं, हे याच हंगामात हवं आहे.