के कॅ कै : बाराखडीची चौदाखडी कशी झाली

गेल्या महिन्यात गिरगावात मावशीकडे गेलो होतो. तिची नात पहिलीत आहे, मराठी शाळेत, गॅलरीत बसून पाठ करत होती, क का कि की कु कू के कॅ कै. आतून मावशी ओरडली, "कॅ काय कॅ? कावळा आहेस का?" नातीने शांतपणे पुस्तक आत नेऊन दाखवलं. "असंच आहे, आजी. ही चौदाखडी आहे." मावशीने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "आमचं बारात भागत होतं."

तर कॅ आणि कॉ या दोन जादा घरांची पार्श्वभूमी.

कॅ मधला आवाज मराठीला नवा नव्हताच, पण तो फक्त माणसाला झटकून टाकायला वापरायचे. हॅ! हॅट्! एवढ्यासाठी कोण अक्षर पाडणार. मग इंग्रजी आलं. १८३२ साली मुंबईत पहिलं मराठी नियतकालिक निघालं त्यातच एका कॉलमात मराठी आणि शेजारी इंग्रजी असा संसार होता, आणि मुंबईचं मराठी त्या शेजारातून कधी बाहेर आलंच नाही. लिहिणाऱ्यांनी सुरुवातीला य ला कामाला जुंपलं. ब्यांक, ग्यास, म्यानेजर. बोलणारे त्याहून हुशार, त्यांनी हापिस, डाक्टर, हाटेल करून विषयच मिटवला. पुढे कधीतरी चंद्र आला, बॅट-बॉल सुरू झालं, आणि शंभर वर्षं ही चंद्रकोर रोजच्या कामात राबत होती तरी वर्णमालेच्या तक्त्यात तिचं नाव नव्हतं. भाडेकरू म्हणा ना, पागडी न भरलेला.

मधे एक प्रकरण झालं ते सांगायलाच हवं. स्वातंत्र्याच्या आधीची काही दशकं छपाईचे खिळे कमी करायचे म्हणून अ चीच बाराखडी करायची चळवळ निघाली. इ ई उ ए ही वेगळी अक्षरं कशाला, अ ला काना-मात्रा-वेलांट्या द्या की झालं. अिंग्रजी, अुपाय, अेक. काही मासिकं खरंच तशी छापून येत होती, जुन्या बाजारात आजही अंक मिळतात आणि वाचताना सारखी ठेच लागते. लॉजिक एकदम बरोबर होतं, ओ आणि औ आपण अ वरच तर बांधतो. पण लोकांनी घेतलं नाही, संपलं. माझं म्हणणं असं की ते पूर्ण संपलं नाही. ॲ बघा. अ घेतला, डोक्यावर चंद्र ठेवला. हरलेल्या बाराखडीतला हा एकटा गडी मागच्या दाराने आत येऊन बसला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अधिकृत पाट मिळाला तो राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या जीआरने, म्हणजे शासन निर्णयाने. ॲ आणि ऑ स्वरांत आले, स्वर झाले चौदा, सगळी वर्णमाला बावन्न. याच जीआरमध्ये ल ची पाकळी आणि श ची शेंडी पण होती, त्यावर लोक जास्त भांडले, पण तो वेगळा तमाशा आहे, इथे नको.

खरा घोळ 'चौदाखडी' या शब्दाचा. बाराखडी म्हणजे बारा अक्षरी, क पासून कः पर्यंत मोजा, बारा भरतात. आता कॅ आणि कॉ धरले की चौदा, म्हणून चौदाखडी. हिशेब चोख आहे, पण बाराखडी हा आता आकडा राहिलाय कुठे? "त्याला राजकारणाची बाराखडी येत नाही" म्हणताना कोणी बारा मोजत नाही. आणि चौदाखडी म्हटलं की निदान मला तरी आधी चौदावं रत्नच आठवतं, जे आमच्या लहानपणी बाराखडी चुकली की पाठीवर मिळायचं. कॅ-कॉ ला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मात्र अगदीच फालतू नव्हता. कृ बघा. कृपा, गृहपाठ, मृग, सगळं रोजचं, पण कृ ला बारात जागा नव्हती आणि चौदातही नाही, आणि कालची पाहुणी कॅ थेट के आणि कै च्या मधे. चहातला च वेगळा आणि चाळीतला च वेगळा, हे प्रत्येक मुंबईकर दिवसातून पन्नास वेळा बोलतो, त्याला दोन अक्षरं द्या असं कोणालाच वाटलं नाही. मग बॅटसाठी एवढी घाई का? मी तरीही कॅ च्या बाजूचा आहे. ग्रँट रोड आणि सँडहर्स्ट रोडच्या पाट्या वाचत शाळेत जाणाऱ्या पोराला डोक्यावर ते काय आहे हे कोणीतरी सांगायलाच हवं ना. फक्त नाव बाराखडीच ठेवायचं होतं.

२०२२ ला सुधारित जीआर आला, ॲ आणि ऑ आपल्या जागी राहिले.

पण मला जो खरा मार बसला तो जीआरचा नाही, कॉम्प्युटरचा. २००४ च्या आसपास मी फोर्टमधल्या एका गल्लीत डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं काम करायचो. जुन्या फॉन्टमध्ये चंद्र म्हणजे नुसतं चित्र, कशावरही ठेवा, बसायचा. मग युनिकोड आलं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरांवर एकच ठरलेला नंबर. त्यात ए वर चंद्र असलेला ऍ पहिल्यापासून होता, जो मराठीत कोणी हाताने लिहीत नाही, आणि आपला ॲ नव्हता. तो आला २००८ मध्ये. तोवर अ टाईप करून चंद्र दाबला की मशीन मधे टिंबांचं एक वर्तुळ काढायचं, म्हणजे हा चंद्र या अक्षराचा नाही, मी बसवणार नाही. एका ॲल्युमिनियमवाल्याचं रेटकार्ड तसंच छापून गेलं. शेट दुकानात येऊन म्हणाला, "साहेब, माझ्या मालाच्या नावात ही बांगडी कसली?" मग कोणीतरी युक्ती शोधली, अ आणि चंद्राच्या मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. बांगडी गेली, पण पोटात भूत राहिलं.

बँकची तर अजून मजा. चंद्र आणि टिंब वेगवेगळे दाबले तरी बँक, आणि हिंदीवाल्यांचं चंद्रबिंदू दाबलं तरी बँक. स्क्रीनवर जुळ्या बहिणी. एकीला शोधलं की दुसरी सापडत नाही.

याचा हिशेब मागच्या पावसाळ्यात चुकता करावा लागला. एका व्यापारी डिरेक्टरीची सूची लावत होतो, नोंदी वीस वर्षांत वेगवेगळ्या माणसांनी भरलेल्या, आणि सॉफ्टवेअर बिचारं साधं, अक्षराच्या कोड नंबरवर क्रम लावणारं. अ आणि चंद्र जोडून लिहिलेले सगळे अ च्या रांगेच्या शेवटी गेले. ऍक्रिलिकवाले ए च्या तोंडाशी. आणि ज्यांनी नियमाप्रमाणे, जीआरप्रमाणे अस्सल ॲ लिहिला होता, तो कोडमध्ये उशिरा आलेला म्हणून त्याचा नंबर मागचा, ते तिघे ह च्याही पलीकडे, थेट आकड्यांच्या मागे, ९ नंतर. मी एकेक उचलून हाताने वर नेले, ए आणि ऐ च्या मधे. प्रूफ बघायला बसलेल्या काकांनी लाल पेनने गोल केला आणि समासात लिहिलं, 'हे इथे कसे आले?'